कबूल केलेलं द्या

डेझी विल्सन लोकांच्या घरची साफसफाई करून पोरं वाढवत होती. पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्टमध्ये, १७२७ बेडफर्ड अव्हेन्यू, किराणा दुकानाच्या मागच्या दोन खोल्या. गरम पाणी नाही, फोन नाही. रेडिओ मात्र होता. एकदा रेडिओवर स्पर्धा लागली : मॉर्टन मिठाच्या जाहिरातीतलं वाक्य सांगा आणि धुण्याचं नवंकोरं यंत्र जिंका. डेझीला ते वाक्य तोंडपाठ. तिने पोरीच्या हातावर दहा सेंटचं नाणं ठेवलं आणि तिला फोन करायला पिटाळलं. उत्तर बरोबर निघालं, यंत्र लागलं. मग रेडिओवाल्यांना कळलं की जिंकलेली बाई काळी आहे. नवं यंत्र राहिलं बाजूला आणि साल्व्हेशन आर्मी या धर्मादाय संस्थेच्या दुकानातून एखादं वापरलेलं यंत्र उचलून न्या, अशी चिठ्ठी तिच्या हातात पडली.

मैत्रीण म्हणाली, घे की, एवढ्या पोरांचं धुणं, नवं काय नि जुनं काय. डेझीने घेतलं नाही. पुढे कित्येक वर्षं ती हाताने कपडे घासत राहिली, पैसे बाजूला टाकत राहिली. काहीच नसण्यापेक्षा काहीतरी असलेलं बरं, हे नेहमीच खरं नसतं, असं तिचं म्हणणं.

ही गोष्ट तिच्या थोरल्या मुलाने आयुष्यभर सांगितली. सहा भावंडांतला चौथा, मुलांमध्ये पहिला. त्याचं नाव ऑगस्ट विल्सन. विसाव्या शतकाच्या प्रत्येक दशकाचं एक, अशी त्याने दहा नाटकं लिहिली. त्यातली नऊ या एकाच वस्तीत घडतात. दोन पुलित्झर पुरस्कार मिळाले, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या एका थिएटरला त्याचं नाव लागलं. अमेरिकन नाटक म्हटलं की आपल्याकडे आर्थर मिलर आणि टेनेसी विल्यम्सवर गाडी थांबते. विल्यम्सच्या एका नाटकाचं तर तेंडुलकरांनी मराठीत 'वासनाचक्र' करून ठेवलंय. विल्सनबद्दल मात्र आपल्या नाटकवेड्या मंडळींतही फारसं कुणी बोलताना मी ऐकलेलं नाही. मी स्वतः 'फेन्सेस' हा चित्रपट पाहून त्याच्याकडे वळले, मग नाटकं मिळवून वाचत गेले. आणि वाचता वाचता पानापानावर ते धुण्याचं यंत्र दिसायला लागलं.

सगळ्यात उघड दिसतं ते 'टू ट्रेन्स रनिंग'मध्ये. काळ १९६९चा. मेम्फिस नावाच्या माणसाचं छोटंसं खाणावळवजा हॉटेल, समोर लट्झ या गोऱ्या खाटकाचं दुकान. हॉटेलात रोज एक डोक्याने थोडा अधू झालेला माणूस येतो, त्याला सगळे हॅम्बोन म्हणतात. त्याने कधीकाळी लट्झचं कुंपण रंगवून दिलं होतं. बोली अशी : रंगवलंस तर कोंबडी, काम चांगलं झालं तर हॅम, म्हणजे डुकराच्या मांडीचा अख्खा खारवलेला तुकडा. काम झाल्यावर लट्झ म्हणाला, कोंबडी घेऊन जा. हॅम्बोन म्हणाला, माझं हॅम दे. तेव्हापासून साडेनऊ वर्षं तो रोज सकाळी लट्झच्या दारात उभा राहून हे एकच वाक्य बोलतोय. आता त्याच्याकडे दुसरं वाक्यच उरलेलं नाही. हॉटेलात कुणी 'काय चाललंय' विचारलं तरी उत्तर तेच, माझं हॅम.

वाचताना आधी हसू येतं, मग कंटाळा येतो, आणि तो कंटाळा विल्सनने मुद्दाम आणलाय हे हळूहळू कळतं. हॉटेलातली माणसंही त्याला वैतागलेली असतात. त्यात होलोवे नावाचा म्हातारा आहे. दिवसभर बसून जगाचा हिशेब मांडणारा म्हातारा असतो ना, तसला. तो म्हणतो, आपल्यापेक्षा यालाच जास्त अक्कल असेल कदाचित. आपण कधीच कोंबडी घेऊन घरी गेलो असतो. हॅम्बोन मरतो, त्याला हॅम मिळत नाही. शेवटी स्टर्लिंग नावाचा नुकताच तुरुंगातून सुटलेला पोरगा लट्झची काच फोडतो आणि रक्ताळलेल्या हातांनी एक हॅम घेऊन येतो, हॅम्बोनच्या शवपेटीत ठेवायला. इकडे मेम्फिसचं हॉटेल पाडायला नगरपालिका निघालेली असते. त्याने २५,००० डॉलरचा आकडा धरून ठेवलेला असतो, एक पैसा खाली यायला तयार नसतो, आणि त्याला मिळतात ३५,०००. एकाच नाटकात एकाचं अडून बसणं फळाला येतं आणि दुसऱ्याचं त्याच्या शवपेटीपर्यंत जातं. आपला लेखक यातलं काही समजावून सांगायला पुढे येत नाही, हे मला फार आवडलं.

विल्सनचा जन्म १९४५चा. बाप फ्रेडरिक किट्टेल, जर्मन भाषक, बेकरीत काम करणारा, पिणारा, घरात असून नसल्यासारखा. मुलाचं कागदोपत्री नावही फ्रेडरिक ऑगस्ट किट्टेलच. शाळेत त्याचे हाल झाले. एका कॅथलिक शाळेत तो एकटाच काळा मुलगा. रोज सकाळी बाकावर शिवी लिहिलेली चिठ्ठी असायची. ती शाळा सुटली, दुसरी सुटली. तिसऱ्या शाळेत, पंधराव्या वर्षी, त्याने नेपोलियनवर वीस पानी निबंध लिहिला. मास्तरांना तो त्याचा वाटला नाही. निबंधावर त्यांनी दोन श्रेणी लिहून ठेवल्या होत्या, एक सर्वोत्तम आणि एक नापासाची, आणि म्हणाले, यातली एक देणार, तू लिहिलास हे सिद्ध कर. पोराने विचारलं, बाकीच्या मुलांनाही सिद्ध करायला सांगणार का? मास्तरांनी नापासावर गोल केला. पोराने निबंध फाडला, कचऱ्याच्या टोपलीत टाकला आणि शाळेबाहेर पडला.

पुढचे काही दिवस तो मुख्याध्यापकांच्या खिडकीखाली बास्केटबॉल खेळत राहिला. कुणीतरी बाहेर येईल, 'तू वर्गात का नाहीस' असं विचारेल, या आशेवर. कुणी आलं नाही. त्याच्या बंडाबद्दल सगळेच लिहितात. मला त्या खिडकीखालच्या चेंडूचं जास्त वाटतं. आईसारखा ताठ नकार देऊन झाला होता आणि पोरगं मात्र अजून वाट बघत होतं.

आईला पत्ता लागू नये म्हणून तो रोज घरातून निघायचा आणि कार्नेगी ग्रंथालयात जाऊन बसायचा. तिथेच तो शिकला. पुढे नाव झाल्यावर त्या ग्रंथालयाने त्याला पदविका दिली. ग्रंथालयाने कुणाला पदविका देणं ही जगावेगळीच गोष्ट, पण योग्य माणसाला दिली.

१९६५ साली बाप वारला. त्याच वर्षी बहिणीचा एक निबंध लिहून दिल्याबद्दल त्याला वीस डॉलर मिळाले, त्यातून त्याने जुना टाइपरायटर घेतला. पहिलं काय टाइप केलं तर स्वतःचं नाव, वेगवेगळ्या तऱ्हांनी, कुठलं कागदावर शोभतं ते बघायला. ऑगस्ट विल्सन शोभलं. आडनाव आईचं.

कवी व्हायचं होतं त्याला. तेही डिलन थॉमससारखा. ट्वीडचा कोट घालून, तोंडात पाइप धरून, इंग्लंडातल्या माणसासारखे उच्चार काढत तो हिल डिस्ट्रिक्टमध्ये कविता म्हणत फिरायचा. लोक बघत राहत असणार. दुसऱ्या बाजूला त्याच वस्तीत पॅट्स प्लेस नावाचं सिगारचं दुकान होतं, तिथे म्हातारे दिवसभर उभे राहून गप्पा मारायचे. विल्सन कोपऱ्यात उभा राहून ऐकायचा. सेंट व्हिन्सेंट डी पॉलच्या जुन्या सामानाच्या दुकानातून त्याने पाच सेंटांना एक तबकडी आणली होती, बेसी स्मिथ या काळ्या गायिकेच्या गाण्याची. ती त्याने सलग बावीस वेळा लावली. आपल्या वस्तीतल्या माणसांसारख्याच आवाजात कुणी गातंय, आणि ते तबकडीवर आहे, म्हणजे जपण्यालायक आहे, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. तरीही हा आवाज त्याच्या लिहिण्यात यायला आणखी दीड दशक गेलं.

१९६८ मध्ये रॉब पेनी या मित्राबरोबर त्याने ब्लॅक होरायझन्स थिएटर काढलं. तो काळच तसा होता, अमेरिकेभर काळ्या तरुणांचे गट, मासिकं, नाटकमंडळ्या उभ्या राहत होत्या. त्याच लाटेतल्या ब्लॅक पँथर्सचं नाव समोर ठेवून १९७२ मध्ये मुंबईत ढसाळ, ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या मित्रांनी दलित पँथर उभी केली, हे आपल्याला माहीत असतं. तिकडच्या त्या लाटेतला एक चिवट नाटककार मात्र आपल्यापर्यंत पोचला नाही. विल्सनला तेव्हा संवाद लिहिता येत नव्हते. त्याने पेनीला विचारलं, तुझी पात्रं बोलती कशी करतोस रे? पेनी म्हणाला, मी नाही करत, मी त्यांचं ऐकतो.

उत्तर सोपं होतं, पण विल्सनला ते उमगलं गाव सोडल्यावर. १९७८ मध्ये तो मिनेसोटातल्या सेंट पॉलला गेला. बर्फाळ, गोऱ्यांचं शहर. तिथल्या विज्ञान संग्रहालयासाठी छोट्या नाटुकल्या लिहायच्या, असं काम. मासळी तळून देणाऱ्या एका हॉटेलात बसून त्याने दहा दिवसांत 'जिटनी' लिहिलं. हिलमध्ये रीतसर टॅक्सीवाले यायचे नाहीत, म्हणून तिथल्याच लोकांनी आपल्या वडापसारख्या खासगी गाड्या चालवल्या होत्या. त्या ड्रायव्हरांच्या अड्ड्यावरचं हे नाटक. पिट्सबर्गमध्ये असताना जे बोलणं त्याला साहित्यात घेण्याजोगं वाटलं नव्हतं, ते आता शेकडो मैलांवरून कानात नीट ऐकू येत होतं.

तो हॉटेलांत बसून पेपर नॅपकिनवर लिहायचा. एकदा एका वेट्रेसने विचारलं, नॅपकिनवर लिहिता ते मोजलं जात नाही म्हणून का? विल्सनच्या ते तोवर लक्षात आलं नव्हतं, पण बाईने बरोबर नाडी पकडली होती. कोऱ्या कागदाची धास्ती, नॅपकिनची नाही.

यूजीन ओनील थिएटर सेंटर दरवर्षी नव्या नाटककारांची नाटकं निवडून तिथे त्यांच्यावर काम करून घेई. तिथून विल्सनला पाच वेळा नकार आला. त्यात 'जिटनी' दोनदा. पहिल्यांदा कुणी वाचलंच नसेल अशी समजूत करून घेऊन त्याने तेच पुन्हा पाठवलं होतं! १९८२ मध्ये 'मा रेनीज ब्लॅक बॉटम' निवडलं गेलं आणि तिथे त्याला लॉइड रिचर्ड्स भेटले. रिचर्ड्स म्हणजे १९५९ मध्ये 'अ रेझिन इन द सन' बसवून ब्रॉडवेवरचे पहिले काळे दिग्दर्शक ठरलेले गृहस्थ. विल्सनची पहिली सहा नाटकं त्यांनीच ब्रॉडवेला नेली. बापाच्या जागी माणूस मिळाला असं म्हणायचा मोह होतो. पण या दोघांचंही पुढे फाटलंच.

'मा रेनी' १९२७ च्या शिकागोतलं, एका ध्वनिमुद्रण स्टुडिओत घडणारं. ब्लूज गाणारी मा रेनी उशिरा येते, कोकाकोला आल्याशिवाय गाणार नाही म्हणते, भाच्याला त्याच्या तोतरेपणासकट तबकडीवर बोलू दिलंच पाहिजे म्हणते, आणि करारावर सही शेवटच्या क्षणापर्यंत रोखून धरते. वरवर नखरे. पण एकदा सही झाली की या लोकांना आपल्या आवाजाशिवाय आपलं काहीच नको असणार, हे तिला पक्कं ठाऊक आहे. म्हणून कोकाकोला. १९८४ मध्ये हे ब्रॉडवेवर आलं आणि एकोणचाळीस वर्षांचा माणूस रातोरात नाटककार ठरला. डेझी त्याआधीच, १९८३ मध्ये गेली होती.

मग 'फेन्सेस'. ट्रॉय मॅक्सन कचऱ्याच्या गाडीवर काम करतो. काळ्यांनी डबे उचलायचे आणि गोऱ्यांनी गाडी चालवायची, असं का, हे त्याने साहेबाला विचारलंय, आणि नाटक सुरू होतं तेव्हा तो त्याच्या उत्तराची वाट बघतोय. तरुणपणी तो बेसबॉल उत्तम खेळायचा, पण त्या काळी मोठ्या संघांत काळ्यांना घेत नसत. आता मुलाला फुटबॉलवर कॉलेजात जागा मिळू शकते, तर बापच आडवा येतो. विल्सनचे सावत्र वडील डेव्हिड बेडफर्ड असेच होते. ते गेल्यावर त्याला कळलं, की शाळेत ते फुटबॉलचे तारे होते, शिष्यवृत्ती मिळवून डॉक्टर व्हायचं होतं. कुणी दिली नाही. पैशासाठी दुकान लुटायला गेले, हातून खून झाला आणि २३ वर्षं तुरुंगात गेली.

या नाटकातला एक प्रवेश आहे. मुलगा विचारतो, तुम्हाला मी कधीच का आवडलो नाही? त्यावर ट्रॉय भडकतो. तू मला आवडलाच पाहिजेस असा कायदा कुठे आहे? तुला खायला मिळतं ना? डोक्यावर छप्पर आहे ना? का? मी तुला पसंत करतो म्हणून? तू माझा मुलगा आहेस, तुझी जबाबदारी माझ्यावर आहे म्हणून! लोकांनी तुझ्याशी नीट वागावं हे बघ, तू त्यांना आवडतोस का याची काळजी करत बसू नकोस. ऐकताना अंगावर काटा येतो आणि त्याच वेळी असं वाटतं, याचं म्हणणं पूर्ण चूक नाही. ज्याला जगाने हक्काचं दिलं नाही तो घरात फक्त हिशेबाची भाषा बोलायला शिकलाय. चित्रपटात व्हायोला डेव्हिस रोझच्या भूमिकेत नवऱ्याला सुनावते, तेव्हा तिचं नाक वाहतं आणि ती ते पुसत नाही. मागे झाडाला दोरीने टांगलेला चेंडू. रोझचंही म्हणणं तेच असतं : माझंही काही देणं होतं, ते कुठंय?

१९८७ मध्ये 'फेन्सेस' ब्रॉडवेवर आलं, जेम्स अर्ल जोन्स ट्रॉय. ५२५ प्रयोग, पुलित्झर, नाटकासाठीचे चार टोनी पुरस्कार. त्याचा शेवट विचित्र आहे. युद्धात डोक्याला मार लागलेला ट्रॉयचा भाऊ गेब्रिएल स्वर्गाचं दार उघडायला तुतारी फुंकतो, आवाज निघत नाही, मग तो नाचत, हुंकारत दार उघडतो. ब्रॉडवेच्या निर्मातीला तो शेवट नको होता. विल्सन ढिम्म हलला नाही.

चित्रपटाच्या वेळीही तेच. हॉलिवूडने हक्क घेतले, एडी मर्फीचं नाव जोडलं गेलं. विल्सनची अट एकच, दिग्दर्शक काळा हवा. स्टुडिओला ते जमेना. १९९० मध्ये त्याने उघड लेख लिहून आपली बाजू मांडली आणि चित्रपट तसाच पडून राहिला. वर्षं गेली, विल्सन गेला. चित्रपट आला २०१६ मध्ये, डेन्झेल वॉशिंग्टनने दिग्दर्शित केलेला. या माणसाला हॅम मिळालं खरं, पण हॅम्बोनसारखंच, गेल्यावर.

इथे मला एक अडतं, ते सांगते. १९९६ मध्ये प्रिन्स्टनला नाट्यकर्मींपुढे त्याने मोठं भाषण केलं. देशातल्या ६६ प्रमुख प्रादेशिक नाट्यसंस्थांपैकी काळ्यांची म्हणावी अशी फक्त एक आहे, हा त्याचा मुद्दा, आणि त्याला उत्तर नव्हतं. पण त्याच भाषणात त्याने म्हटलं, की गोऱ्यांसाठी लिहिलेलं 'डेथ ऑफ अ सेल्समन' काळ्या नटांकडून करवून घेणं म्हणजे आमचं माणूसपण नाकारणं. रॉबर्ट ब्रुस्टाइन या समीक्षकाशी त्याचा वाद पेटला, न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये दोघांची समोरासमोर चर्चा झाली. दुसऱ्याच्या मापाचा जुना कोट आम्हाला देऊ नका, नवा शिवायचे पैसे द्या, एवढंच तो म्हणत होता. साल्व्हेशन आर्मीची ती चिठ्ठी इथेही आहेच. पण नटाच्या बाजूने पाहिलं तर? २०२२ मध्ये वेंडेल पियर्सने ब्रॉडवेवर त्याच नाटकाचा नायक विली लोमन केला, सगळं लोमन कुटुंब काळं, आणि विलीला साहेब नोकरीवरून काढतो तो प्रवेश वेगळाच धारदार झाला असं पाहणाऱ्यांनी लिहिलं. कुठल्याही नटाला कुठलीही मोठी भूमिका बंद असू नये, असं मला वाटतं. विल्सनने माझं ऐकलं नसतं.

त्याची सगळीच नाटकं सारखी उतरलेली नाहीत. 'किंग हेडली द सेकंड' मला जड जातं, स्वगतांवर स्वगतं. बायका बऱ्याचदा पुरुषांच्या गोष्टींच्या काठावर उभ्या राहतात. रोझ आणि 'द पियानो लेसन'मधली बर्नीस हे मोठे अपवाद. त्या बर्नीसच्या घरात पणजोबाने कोरलेला पियानो आहे. कधीकाळी तो घेताना मालकाने किमतीपोटी बर्नीसच्या घराण्यातली दोन माणसं, एक बाई आणि तिचं पोर, देऊन टाकली होती. भाऊ म्हणतो, विकू आणि ज्या जमिनीवर आपले वाडवडील गुलाम होते ती विकत घेऊ. बहीण म्हणते, विकायचा नाही. दोघांचंही बरोबर आहे, आणि नाटक शेवटपर्यंत दोघांनाही बरोबर राहू देतं. १९९० चं पुलित्झर याला.

पिट्सबर्गला मावसबहीण राहते, तिच्याकडे गेले तेव्हा हिल डिस्ट्रिक्टमध्ये पायी फिरले. चढ चांगलाच आहे. खालचा भाग १९५०च्या दशकात शहराने साफ केला, सुमारे ८,००० लोक उठवले आणि तिथे मोठं क्रीडागृह बांधलं. नंतर तेही पाडलं. सेंटर आणि क्रॉफर्ड रस्त्यांच्या कोपऱ्यावर साठच्या दशकात लोकांनी फलक लावला होता, इथून पुढे पुनर्विकास नाही. वर वायली अव्हेन्यूवर घरांच्या मध्ये मोकळे तुकडे. विल्सनच्या नाटकांतली आंट एस्टर राहते १८३९ वायली अव्हेन्यूला. वय म्हणाल तर १९०४ मध्ये घडणाऱ्या 'जेम ऑफ द ओशन' नाटकात २८५ वर्षं, म्हणजे गुलामांचं पहिलं जहाज व्हर्जिनियाला लागलं तेव्हापासूनची. त्या पत्त्यावर नुसता मोकळा भूखंड आहे. २०१९ मध्ये स्थानिक नाटकमंडळीने त्याच भूखंडावर या नाटकाचे प्रयोग केले. बेडफर्ड अव्हेन्यूचं घर मात्र दुरुस्त होऊन २०२२ मध्ये उघडलं.

शेवटचं नाटक 'रेडिओ गोल्फ'. १९९७ साल, आंट एस्टरचं ते घर पाडून तिथे इमारती उठवायच्या आहेत, आणि या वेळी पाडणारा बिल्डर काळाच आहे, महापौर व्हायला निघालेला. घर मिळवताना कायद्यात खोट राहिलीय हे त्याला कळतं, भागीदार म्हणतो पैसे देऊन मिटव. हे नाटक लिहीत असतानाच, २००५ च्या जूनमध्ये, विल्सनला यकृताचा कर्करोग निघाला. तरी तो संहिता सुधारत राहिला. २ ऑक्टोबरला सिअ‍ॅटलमध्ये गेला, साठाव्या वर्षी. दोन आठवड्यांनी ब्रॉडवेच्या व्हर्जिनिया थिएटरचं नाव ऑगस्ट विल्सन थिएटर झालं. काळ्या माणसाचं नाव लागलेलं तिथलं ते पहिलं.

वाचायचं असेल तर दशकांच्या क्रमाने जाऊ नका, 'जेम ऑफ द ओशन'पाशी अडकाल. आधी 'फेन्सेस' पाहा, मग 'टू ट्रेन्स रनिंग' वाचा, शक्य तर मोठ्याने आणि दोघा-तिघांत पात्रं वाटून घेऊन. 'मा रेनी'चा २०२० चा चित्रपट नेटफ्लिक्सवर आहे, चॅडविक बोझमन या नटाची पडद्यावरची ती शेवटची भूमिका. 'द पियानो लेसन'ही आलाय. आमच्या हौशी मंडळींपैकी कुणाला 'टू ट्रेन्स' करायचं असेल तर होलोवेचं काम मी आत्ताच मागून ठेवते. बाई असले म्हणून काय झालं.